सुईचा गुण की हातगुण?

आपल्या संघाच्या सभासदांची शिरगणती कधी दुखण्यांवरून केली, तर कंबर आणि गुडघे या दोन खात्यांवरच बहुतेक नावे चढतील, असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे. सकाळी पेढीवर बसलेला मनुष्य दिवेलागणीस उठतो. पूर्वी तो गादीवर मांडी घालून बसे, आता खुर्चीवर बसतो. बैठक बदलली, दुखणे मात्र जागच्या जागी राहिले. त्यामुळे लग्नकार्यात असो, वार्षिक सभेत असो की आगगाडीच्या डब्यात असो, दोन व्यापारी एकत्र आले की बाजारभावाच्या खालोखाल विषय निघतो तो औषधोपचारांचा. अलीकडे या बोलण्यात अॅक्युपंक्चर हा शब्द वारंवार कानी पडतो. अंगात बारीक सुया टोचून दुखणे घालविण्याची ही चिनी विद्या. कोणी तिची स्तुती करता थकत नाही, तर कोणी तिला शुद्ध थोतांड म्हणतो.

आमच्याच घरात या सुयांनी दोन पक्ष पाडले, म्हणून हा लेख लिहिण्याचा योग आला. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणून ओळखते, त्यांची कंबर सात-आठ वर्षे धरलेली होती. भुसाराच्या अडतीत पोती मोजता मोजता ती गेली, असे ते म्हणत. शेक झाला, तेल झाले, पट्टा झाला. शेवटी कोणाच्या सांगण्यावरून ते सुया टोचून घेऊ लागले आणि दहा बैठकांनंतर ताठ चालू लागले. आमचा पुतण्या डॉक्टर आहे. तो हसून म्हणाला, "अण्णा, हा सारा मनाचा खेळ आहे." यावर अण्णांनी उत्तर दिले, "असेल बाबा. पण मनाचा खेळ म्हणून मी आज ओणवा होऊन चपलेचा बंद लावतो आहे, ते तू पाहतोस ना?"

प्रकरण येथेच थांबते तर घरातील विनोदापलीकडे त्याला महत्त्व नव्हते. परंतु अण्णांचा गुण पाहून आमच्या आक्कानेही तीच वाट धरली. आक्काला वीस वर्षांहून अधिक काळ दमा आहे. तिला पहिल्या पाच-सहा बैठकांतच हलके वाटू लागले. बस्तीच्या पायऱ्या चढताना आता धाप लागत नाही, असे ती सर्वांना सांगू लागली आणि हळूहळू तिने औषधाचा पंप कपाटात ठेवून दिला. उपचार करणाऱ्या गृहस्थांनी पंप बंद करण्यास सांगितले होते काय, याविषयी घरात अजूनही एकमत नाही. आक्का म्हणते, सांगितले नव्हते. "आता याची फारशी गरज पडणार नाही" एवढेच ते म्हणाले होते. जुलैच्या एका मुसळधार रात्री तिचा श्वास असा काही कोंडला की ओठ निळे पडले. दोन दिवस प्राणवायूवर काढून ती घरी आली, हे आमचे भाग्य.

एकच उपचार, एकाच घरातील दोन माणसे. एक ताठ उभा राहिला आणि दुसरी मरणाच्या दारातून परतली. यात सुईचा दोष किती आणि सुईचा गुण किती, हे समजून घेतल्यावाचून चैन पडेना. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागले ते वाचत गेलो. त्याचा गोषवारा सुज्ञ सभासदांपुढे ठेवीत आहे.

प्रथम थोडा इतिहास. चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती बारा मुख्य मार्गांनी वाहते, तिचा प्रवाह अडला की व्याधी उद्भवते आणि ठरावीक बिंदूंवर सुई टोचली की प्रवाह मोकळा होतो, अशी या विद्येची धारणा आहे. वर्षाचे दिवस जितके तितकेच शरीरावर बिंदू, असा ३६५ चा हिशेब त्या ग्रंथात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने आता प्रमाण मानलेले बिंदू ३६१ आहेत. हे मार्ग शरीरविच्छेदनात आजवर कोणाला दिसलेले नाहीत, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

युरोपात ही विद्या पोचविली ती एका व्यापारी कंपनीच्या वैद्याने, हे वाचून मौज वाटली. विलेम टेन ऱ्हाइने हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जपानातील देशिमा बेटावरच्या वखारीत दोन वर्षे होता. त्याने १६८३ साली संधिवातावरील आपल्या लॅटिन ग्रंथात सूचिवेधाचे वर्णन केले, आणि 'अॅक्युपंक्चर' हे नावही त्याच्याच लॅटिन शब्दावरून रूढ झाले. म्हणजे गुडघ्यांच्या दुखण्याशी या सुयांचे नाते नवे नव्हे. खुद्द चीनमध्ये मात्र तिचा मान सदैव एकसारखा राहिला नाही. १८२२ साली दाओग्वांग बादशहाने आपल्या राजवैद्यकीय संस्थेतून सूचिवेध काढून टाकला होता. विसाव्या शतकात साम्यवादी राजवटीने तिला पुन्हा वर आणले, कारण अफाट लोकसंख्येला पुरतील इतके आधुनिक डॉक्टर त्या देशात नव्हते. माओ स्वतः मात्र चिनी औषधे घेत नसत व त्यांवर आपला विश्वास नाही असे बोलून दाखवीत, असे त्यांच्या खाजगी डॉक्टराने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिले आहे. दुकानदार स्वतःच्या दुकानातला माल घरी नेत नसेल तर गिऱ्हाइकाने काय समजावे, हे आपणांस सांगणे नलगे.

आपल्या देशात ही विद्या आली तिच्यामागे एक धागा असा आहे की, तो मराठी मनुष्याला आपला वाटावा. १९३८ साली राष्ट्रीय सभेने चीनच्या साहाय्यार्थ पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तेथेच सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले, व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. त्याच पथकातील त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सूचिवेध शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी तो सुरू केला. भारतातील अॅक्युपंक्चरचा उगम साधारणतः येथून मानतात. आपल्याकडे जळू लावणे, तुंबडी लावणे, दुखऱ्या जागी बिब्बा घालणे हे उपचार पूर्वापार होते, आणि सुश्रुतसंहितेत शिरावेधाचे वर्णन आहे. परंतु त्या रक्त काढण्याच्या किंवा एका वेदनेने दुसरी झाकण्याच्या रीती. त्यांवरून सूचिवेध मूळचा आमचाच, असा दावा काही मंडळी करतात तो या लेखकास पटत नाही.

पाश्चात्य जगात सुयांचा बोलबाला झाला तो एका वार्ताहराच्या आंत्रपुच्छामुळे! न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन १९७१ च्या जुलैत पेकिंगमध्ये असता त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे इंजेक्शन देऊनच झाली. दुसऱ्या दिवशी पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचण्यात आल्या व तासाभरात आराम पडला, असे त्यांनी स्वतः छापले. पुढल्या वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कर्णोपकर्णी त्या वार्तेचे रूप असे झाले की, रेस्टन यांचे पोट सुयांच्या भुलीवरच फाडले! पेठेत उठलेली अफवा संध्याकाळपर्यंत कशी होते, याचा अनुभव असणाऱ्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

असो. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अण्णांची कंबर बरी झाली ती सुईने, की सुईवरील विश्वासाने? इंग्रजी वैद्यकात ज्याला प्लासिबो म्हणतात, तो शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'मी संतोष देईन' असा आहे. औषधाचा अंश नसलेली साखरेची गोळी द्यावी आणि रोग्याने बरे वाटते म्हणावे, हा तो प्रकार. बीचर या अमेरिकन डॉक्टरने १९५५ साली या शक्तीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आणि तेव्हापासून नवे औषध आले की त्याची तुलना साखरगोळीशी करून पाहण्याचा आग्रह वाढत गेला. कल्पना अर्थात त्याहून जुनी. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'च्या चौकशीसाठी समिती नेमली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यावर होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात ते चुंबकत्व 'भरले' आणि एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक झाडांपाशी नेले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छा येऊन पडला. ते झाड भलतेच होते! झाडात काही नव्हते, परंतु मूर्च्छा खोटी नव्हती. या एका प्रसंगात आपल्या साऱ्या प्रश्नाचे बीज आहे.

गोळीची परीक्षा सोपी. दोन सारख्या गोळ्या कराव्यात, एकीत औषध घालावे, दुसरीत घालू नये. सुईचे काय करावे? टोचली की कळते, न टोचली तरी कळते. यावर संशोधकांनी दोन-तीन युक्त्या काढल्या. एक अशी की सुई खरीच टोचावी, पण भलत्या जागी आणि वरवर. दुसरी १९९८ साली हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी काढली. नाटकातील खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी बोथट सुई आपल्याच दांड्यात सरकते. रोग्याला टोचल्यासारखे वाटते, परंतु त्वचेत काहीच शिरत नाही. तिसरी सर्वांत साधी, दात कोरण्याच्या काडीची. तिची हकीकत पुढे येते. या सर्वांना आपण लटकी सुई म्हणू.

येथे आपल्या धंद्याची भाषा कामी येते. गूळ काट्यावर ठेवला तर दिसणारे वजन गुळाचे नसते; त्यात बारदान असते, आणि काटा मुळातच एका अंगाला झुकत असेल तर पासंगही असतो. दुखण्याच्या बाबतीत मोठा पासंग म्हणजे काळ. कंबरेचे दुखणे चढते आणि उतरते. मनुष्य वैद्याकडे धावतो तो दुखणे ऐन तेजीत असताना. तेजीच्या टोकाला पोचलेला भाव पुढे कोणी काही न करताही बहुधा उतरतोच. त्या दिवशी ज्याने जे केले असेल, सुई म्हणा, तेल म्हणा की नवस म्हणा, त्याच्या नावावर ती मंदी जमा होते. दुसरे बारदान म्हणजे विश्वास, वैद्याचे बोलणे, शांत खोली, अर्धा तास निवांत पडून राहणे. हे सर्व वजा जाता जे उरेल ते सुईचे निव्वळ वजन.

ते किती भरते? अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली २९ चाचण्यांतील १७,९२२ रोग्यांची मूळ नोंद एकत्र करून हा हिशेब मांडला. हे सर्व जुन्या दुखण्याचे रोगी होते. पाठ, मान, गुडघे, डोके यांचे. निष्कर्ष समजावा म्हणून त्यांनी एक नमुनादाखल उदाहरण दिले आहे. वेदना शंभरांत मोजली आणि आरंभी ती ६० असली, तर सुया न घेणाऱ्यांची ४३ वर येते, लटक्या सुया घेणाऱ्यांची ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्यांची ३० वर. आता पाटी घेऊन आकडेमोड करावी. खऱ्या सुईच्या रोग्याला एकंदर ३० चा आराम पडला. त्यांतील १७ काळाचा व नेहमीच्या उपचारांचा, ८ लटक्या सुईनेही मिळणारा, आणि उरलेला ५ खऱ्या सुईचा. तीस किलोच्या पोत्यात पाच किलो माल! व्हिकर्स यांचे म्हणणे असे की पाच असला तरी तो शून्य नव्हे, सबब सुई केवळ प्लासिबो नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, टोचणाऱ्या माणसाला तर आपण खरे टोचतो की खोटे हे ठाऊक असतेच. त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून तेवढा पाचाचा फरक सहज पडू शकेल. हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे, कारण टोचणाऱ्याचे डोळे बांधता येत नाहीत.

जर्मनीत तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. तेथील विमासंस्थांना सुयांचे पैसे द्यावे की न द्यावे, हे ठरवावयाचे होते. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रोगी होते. सहा महिन्यांनंतर खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, लटक्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीच्या उपचारांनी अवघे २७.४ टक्के रोगी सुधारले. म्हणजे चिनी शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूवर खोल टोचा किंवा भलत्या जागी वरवर टोचा, फरक जवळजवळ नाही. पण दोहोंपैकी काहीही केले तरी डॉक्टरांच्या प्रचलित उपचारांहून पुष्कळ सरस! गुडघ्यांच्या चाचणीतही असेच आढळले. या निकालाचे काय करावे? जर्मनांनी व्यवहार पाहिला आणि १ जानेवारी २००७ पासून कंबर व गुडघा या दोन दुखण्यांसाठी विम्यातून पैसे देण्यास आरंभ केला. अर्धशिशीला मात्र ती सवलत दिली नाही.

अमेरिकेत २००९ साली जी चाचणी प्रसिद्ध झाली तीत ६३८ कंबरदुखीचे रोगी होते. काहींना खऱ्या सुया, काहींना नळीतून दात कोरण्याची काडी टेकवून नुसता टोचल्याचा भास. आठ आठवड्यांनी सुया आणि काड्या मिळून या मंडळींत ६० टक्क्यांच्या हालचालीत चांगली सुधारणा दिसली, आणि नेहमीच्या उपचारांवरच राहिलेल्यांत ३९ टक्क्यांच्या. काडीने सुईची बरोबरी केली. हा निकाल अण्णांना वाचून दाखविला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग त्या गृहस्थाला सांगतो, सुईऐवजी काडी टेकव आणि निम्मे पैसे घे." व्यापारी मनुष्याचे डोके कोठे चालते पाहा!

सुयांच्या बाजूचा पुरावा मुळीच नाही असे नव्हे, आणि तो लपविणे हा कमी मापाचा सौदा होईल. अर्धशिशीवरील २२ चाचण्यांचा २०१६ साली जो आढावा निघाला, त्यात खऱ्या सुयांनी ५० टक्के रोग्यांच्या डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, लटक्यांनी ४१ टक्क्यांच्या. फरक लहान, तरी फरक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुरज्जूंच्या मधल्या बिंदूचा उपयोग होतो, याला अनेक चाचण्यांचा आधार आहे. उलट पक्षी, १९९८ साली एका पाहणीत असे आढळले की चीनमधून प्रसिद्ध झालेली अॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वी होती. ज्या दुकानात आजवर एकही माल परत आलेला नाही, त्याच्या वह्या जरा जपूनच वाचाव्यात.

मग लटक्या सुईत एवढे बळ कोठून येते? आपल्या भाषेत यासाठी एक सुरेख शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे हातगुण. अमुक वैद्याच्या हाताला गुण आहे, असे आपल्या आजीबाई म्हणत, आणि शिकलेली मंडळी हसत. हार्वर्डचे टेड कॅप्चुक, जे स्वतः आरंभी चिनी वैद्यक शिकलेले, त्यांनी या हातगुणाचीच चाचणी घेतली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत आतड्याच्या जुन्या विकाराचे २६२ रोगी होते. एका गटाला काहीच दिले नाही, नुसते थांबविले. त्यांतील २८ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. दुसऱ्याला लटक्या सुया दिल्या, पण बोलणे मोजके, कामापुरते, ४४ टक्के. तिसऱ्याला त्याच लटक्या सुया, परंतु डॉक्टरने बसून आस्थेने विचारपूस केली, ऐकून घेतले, धीर दिला, ६२ टक्के! सुया दोन्हींकडे खोट्याच. वाढलेले अठरा टक्के निव्वळ आपुलकीचे. ज्या दवाखान्यांत दोन तास ताटकळून दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते, तेथून सुयांच्या खोलीकडे माणसे का वळतात, याचे उत्तर बहुधा या आकड्यात आहे. आमच्या पुतण्याला हे मी मुद्दाम दोनदा वाचून दाखविले.

हा आराम काल्पनिक असतो, अशीही समजूत करून घेऊ नये. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे दात काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांची कळ कमी झाली होती, त्यांना मॉर्फिनचा उतारा म्हणून वापरतात ते औषध टोचल्यावर कळ पुन्हा वाढली. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःचेच मॉर्फिनसारखे द्रव्य निर्माण करते, असा त्यातून अर्थ निघाला. वेदना ही मेंदूत मोजली जाणारी वस्तू आहे, सबब मेंदू राजी झाला की तिचे माप बदलते. अण्णांचा ओणवा होऊन लावलेला बंद खराच होता.

आता आक्काकडे येतो. ज्या चाचणीने या लेखकाचे डोळे उघडले ती दम्याचीच आहे. बॉस्टन येथील डॉक्टरांनी ती २०११ साली प्रसिद्ध केली. ३९ दमेकऱ्यांनी ती पुरी केली. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार प्रकार मिळाले: औषधाचा खरा पंप, रिकामा पंप, लटक्या सुया, आणि नुसते बसून राहणे. त्या त्या दिवशी दोन गोष्टी मोजल्या. पहिली, किती बरे वाटते हे रोग्यानेच सांगावे. दुसरी, जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे यंत्राने सांगावे. रोग्यांनी सांगितलेली सुधारणा अशी: खरा पंप ५० टक्के, रिकामा पंप ४५, लटक्या सुया ४६, नुसते बसणे २१. रोग्याला विचाराल तर खरा पंप आणि खोटी सुई यांत म्हणण्यासारखे अंतर नाही! यंत्राने मात्र निराळा हिशेब दिला. खऱ्या पंपाने हवा २० टक्क्यांनी वाढली. रिकामा पंप, लटक्या सुया आणि नुसते बसणे या तिन्हींनी साधारण सात-सात टक्क्यांनी, म्हणजे काहीच न केल्याइतकी.

हा आकडा वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. आक्का खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच हलके वाटत होते. फक्त तिच्या श्वासनलिका तिच्याइतक्या फसल्या नव्हत्या. कंबरेच्या बाबतीत 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांत फारसे अंतर नाही, कारण तेथे दुखणे हाच रोग आहे. दम्यात, मधुमेहात, रक्तदाबात, कर्करोगात मनुष्याला वाटते एक आणि आत चालते दुसरे. गिऱ्हाईक खूष आहे म्हणून शिल्लक बरोबर आहे असे कोणी मानीत नाही. रात्री गल्ला मोजावाच लागतो.

सुयांचा स्वतःचा धोका अगदी थोडा आहे. जर्मनीत ९७,७३३ रोग्यांच्या पाहणीत गंभीर म्हणता येतील असे सहाच प्रकार आढळले, त्यांपैकी दोघांच्या फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली होती. सुई एकदाच वापरून फेकून देण्याची आहे ना, एवढे मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने काविळीसारखे रोग पसरल्याचे दाखले आहेत. कायद्याचे म्हणाल तर पश्चिम बंगालने १९९६ च्या आणि महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या पद्धतीची नोंदणी सुरू केली आहे, व २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता म्हणजे परवाना. मालाच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. हा भेद बाजारात आपणांस कोणी समजावून द्यावा लागत नाही, मग दवाखान्यातच तो का विसरावा?

एक शंका मनात घोळत राहिली. विश्वासानेच गुण येत असेल, तर रोग्याला खरे सांगणे म्हणजे त्याचा गुण घालविणे नव्हे काय? यालाही कॅप्चुक यांच्याच २०१० च्या एका लहान प्रयोगाने थोडे उत्तर दिले आहे. ८० रोग्यांपैकी निम्म्यांना साखरगोळ्या देताना उघड सांगितले की यात औषध नाही, तथापि अशा गोळ्यांनी मनाच्या द्वारे गुण येतो असे दिसून आले आहे. त्यांतील ५९ टक्क्यांना आराम वाटला, काहीच न घेतलेल्या गटातील ३५ टक्क्यांना. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये. परंतु खोटे बोलल्यावाचून हा माल विकताच येत नाही, असे जे म्हणतात त्यांना तो दाखविण्याजोगा आहे.

आक्काने सुया सोडलेल्या नाहीत. तिचे गुडघे दुखतात, आणि त्यांसाठी ती दर गुरुवारी जाते. आम्हीही अडवीत नाही. पंप आता कपाटातून तिच्या कनवटीला आला आहे. पुतण्याने फुंकून पाहण्याची एक साधी नळी आणून दिली आहे. तीत आक्का रोज सकाळी तीनदा फुंकते, आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल तो आमची धाकटी सून पेढीच्या एका जुन्या रोजमेळात तारीखवार लिहून ठेवते. गुरुवारी बाहेर पडण्यापूर्वी अण्णा चष्मा लावून ते पान पाहतात. आकडा आदल्या आठवड्याहून खाली असला, तर रिक्षा सुयांकडे न जाता आधी डॉक्टरकडे वळते, मग आक्का काहीही म्हणो.